वर जाणारी हाक

(परभणी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. त्यांच्या नावाला शोभेल असा विषय घ्यावा म्हणून मी मोबाईल ब्रॉडबँडवरचं अभियांत्रिकी संशोधन निवडलं. हे शब्द ऐकले की बंगळुरू, पवई, जिनेव्हा अशी ठिकाणं डोळ्यांसमोर येतात. मी आज हा विषय आपल्या जिल्ह्याच्या शिवारात उभं राहून मांडणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: मोबाईलचं जाळं उभारताना वरून खाली येणाऱ्या माहितीचा विचार आधी झाला, खालून वर जाणाऱ्या माहितीचा मागाहून. आणि आपल्या शेतकऱ्याचं अडतं ते नेमकं वर जाणाऱ्या माहितीपाशी.

ई-पीक पाहणीचंच घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ही पद्धत आली. पूर्वी तलाठी पेरा लिहायचे. आता शेतकऱ्यानं आपल्या गटात उभं राहून फोनवर पीक नोंदवायचं आणि फोटो पाठवायचा. जिंतूर तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेला एखाद्या शिवारात ऑगस्टअखेरीस हे बघावं. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं असतं. गट नंबर निवडला, क्षेत्र भरलं, फोटो काढला. फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या चारपैकी तीन काड्या दिसताहेत. तरी चक्र फिरतच राहतं. माणूस बाभळीखालून बाहेर येतो, धुऱ्यावर चढतो, फोन डोक्याच्या वर धरतो. शेजारचा म्हणतो, सर्व्हर डाऊन असेल. काही वेळा सर्व्हरचा दोष असतोही. पण पुष्कळदा अडचण त्या शेताच्या आणि टॉवरच्या मधल्या हवेतच असते, आणि ती काड्यांवरून मुळीच कळत नाही.

कारण काड्या फक्त एकच गोष्ट सांगतात: टॉवरचा संदेश फोनपर्यंत किती जोरात पोहोचतोय. फोनचा संदेश टॉवरपर्यंत पोहोचतोय का, याबद्दल त्या काहीही सांगत नाहीत.

आता शक्तीचा हिशोब पाहू. टॉवरवरचा प्रक्षेपक साधारण 40 वॉट शक्ती हवेत सोडतो. आपल्या हातातला फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॉट, म्हणजे एक पंचमांश वॉट. दोनशे पटींचा फरक. देवळावरच्या भोंग्याची घोषणा शिवारातल्या माणसाला स्वच्छ ऐकू येते, पण तिथून त्यानं दिलेली हाक देवळात ऐकू येत नाही, तसंच हे आहे. टॉवरकडे अनेक अँटेना असतात, त्याचा संदेश पकडणारा भाग फोनपेक्षा तरबेज असतो, त्यामुळे फरक काही प्रमाणात भरून निघतो. पूर्ण निघत नाही. टॉवरपासून दूर जाताना आधी दम तुटतो तो वर जाणाऱ्या बाजूचाच.

अशा वेळी फोन काय करतो, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पहिल्यांदा तो आपली शक्ती वाढवत कमाल मर्यादेला नेतो. फोन गरम होतो, बॅटरी झपाट्यानं उतरते ती यामुळे. तेवढ्यानं भागलं नाही तर सगळी शक्ती अगदी अरुंद पट्ट्यात एकवटतो. 4जीमधला सर्वांत लहान पट्टा 180 किलोहर्ट्झ रुंदीचा असतो. पट्टा अरुंद झाला की संदेश टिकतो, पण वेग पडतो. त्यातूनही तुकडे हरवले तर तेच तेच तुकडे पुन्हा पाठवतो. समजा अशा टोकाला सेकंदाला 50 किलोबिट एवढा वेग मिळाला. 3 मेगाबाइटचा एक फोटो वर जायला 8 मिनिटं लागतील. ॲपनं तो लहान करून 300 किलोबाइटचा केला तरी पाऊण मिनिट. मधे एकदा जोडणी तुटली की बहुतेक ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. फोटो साठवून घरी येऊन पाठवायची सोय असली तरी घर आखाड्यावर किंवा तांड्यावर असेल तर तिथेही हेच.

यात आणखी भर पडते ती आपल्या पिकांची. रेडिओ लहरींना पानं अडवतात, ओली पानं जास्त अडवतात, आणि लहर जेवढी आखूड तेवढी अडचण मोठी. आकाशवाणीचं परभणी केंद्र आपण 1305 किलोहर्ट्झवर ऐकत आलो. त्या लहरीची लांबी 230 मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून जाते. ऊस, बाभूळ, घर तिला जाणवतही नाही. 700 मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरीची लांबी 43 सेंटिमीटर, आणि 5जीसाठी जास्त वापरात असलेल्या 3500 मेगाहर्ट्झच्या लहरीची साडेआठ सेंटिमीटर. मधे काहीही नसलं तरी त्याच अंतरावर साध्या अँटेनाला 3500 वर जेवढी शक्ती मिळते त्याच्या 25 पट 700 वर मिळते. पाथरी-मानवतकडे जायकवाडीच्या कालव्यावर डोक्याच्या वर गेलेला ऊस पावसात भिजलेला असताना त्यातून पलीकडे जायची वेळ येते, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. हातात धरलेला फोन अंगाच्या आडोशानं निम्मी शक्ती गमावतो ते वेगळंच. वर 3500 मेगाहर्ट्झच्या 5जीमध्ये एकाच वारंवारितेवर आळीपाळीनं खाली आणि वर बोलायचं असतं. त्यातला बहुतेक वेळ खाली येणाऱ्या माहितीला दिलेला असतो. शहरात लोक व्हिडिओ पाहतात, त्या हिशोबानं ते बरोबरच आहे.

हे सगळं संशोधकांना ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. प्रश्न मोजपट्टीचा होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, दर पिढीच्या तंत्रज्ञानासाठी कसोट्या ठरवतो. 5जीच्या कसोट्या 2017 मध्ये ठरल्या. त्यात वापरकर्त्याला प्रत्यक्ष मिळायचा वेग, खाली 100 मेगाबिट आणि वर 50 मेगाबिट, हा दाट शहरी वस्तीसाठी लिहिला गेला. ग्रामीण भागासाठी जी मांडणी धरली तिच्यात दोन टॉवरमधलं अंतर 1732 मीटर होतं आणि घराबाहेरची माणसं ताशी 120 किलोमीटर वेगानं गाडीतून जाताहेत, अगदी 500 किलोमीटर वेगाच्या रेल्वेतून जाताहेत, असं गृहीत होतं. युरोप-जपानच्या ग्रामीण भागाला ते लागू असेल. आपल्याकडे माणूस पायी असतो किंवा घरात असतो, आणि पुढचा टॉवर पाऊण कोसावर नसतो.

इथे भारतीय संशोधकांनी एक फार मोलाचं काम केलं, आणि त्याची मराठीत हवी तेवढी चर्चा झाली नाही. भारतातली दूरसंचार मानकं घडवणारी टीएसडीएसआय ही संस्था 2014 मध्ये उभी राहिली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे अभय करंदीकर होते. पुढे ते आयआयटी कानपूरचे संचालक आणि केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. या संस्थेनं आयटीयूत मांडणी केली की कमी गती आणि मोठं क्षेत्र अशी एक ग्रामीण कसोटी हवी: दोन टॉवरमध्ये 6 किलोमीटर, वारंवारिता 700 मेगाहर्ट्झ, गाडीतल्या माणसाचा वेग ताशी 30 किलोमीटर. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आली की तिथे टॉवर उभा करायचा आणि भोवतालची वाड्यावस्ती त्यात यायची, असा त्यामागचा हिशोब. ही कसोटी मान्य झाली, आणि 5जी म्हणवून घेणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञानाला त्यात उतरणं बंधनकारक झालं.

दीड-पावणेदोन किलोमीटर आणि सहा किलोमीटर यांतला फरक आपल्या जिल्ह्यावर बसवून बघा. आदर्श षटकोनी मांडणीत 1732 मीटर अंतरावर एका टॉवरच्या वाट्याला 2.6 चौरस किलोमीटर जमीन येते. 6 किलोमीटरवर 31 चौरस किलोमीटर. परभणी जिल्हा साधारण सहा हजार दोनशे चौरस किलोमीटरचा. पहिल्या हिशोबानं सगळं शिवार झाकायला सुमारे चोवीसशे टॉवर लागतील, दुसऱ्या हिशोबानं दोनशे. हे नुसतं भूमितीचं गणित आहे. गंगाखेड-पालमकडचा बालाघाटचा चढउतार आणि गावांची मांडणी धरली तर आकडे बदलतील. पण कुठलीही कंपनी चोवीसशे टॉवर या जिल्ह्यात उभे करणार नाही, आणि दोनशेची गोष्ट बोलता येण्यासारखी आहे, एवढं यातून नक्की कळतं. आठशेहून जास्त गावांच्या जिल्ह्याला जाळ्यात घ्यायचं की नाही, हे या एका अंतराच्या आकड्यात दडलेलं होतं.

नुसती कसोटी मांडून भागत नाही, त्यात उतरण्याची युक्तीही लागते. ती युक्ती वर जाणाऱ्या बाजूचीच होती, म्हणून मला ती जास्त भावते. 4जीमध्ये फोनकडून निघणाऱ्या लहरीची उंची क्षणोक्षणी कमीजास्त होते. उंच शिखर आलं की फोनमधल्या ॲम्प्लिफायरला ते पेलत नाही, लहर विद्रूप होते. म्हणून सरासरी शक्ती मुद्दाम कमी ठेवावी लागते. आधीच दुबळा फोन, त्यात हा हात आखडता. आयआयटी हैदराबादचे किरण कुची आणि त्यांचे सहकारी, तसेच आयआयटी मद्रासमधले संशोधक यांनी ‘पाय बाय टू बीपीएसके’ या पद्धतीला लहरीचा आकार घडवण्याची जोड दिली. प्रत्येक बिटगणिक लहर नव्वद अंशांनी वळवायची आणि मग तिला ठरावीक गाळणीतून काढायची. तसं केलं की उंची जवळजवळ सपाट राहते, आणि तोच ॲम्प्लिफायर आपल्या पूर्ण ताकदीनं बोलू शकतो. फोन महाग होत नाही, टॉवर वाढत नाही, पण हाक लांब जाते.

ही युक्ती घेऊन ‘5जीआय’ नावाचं भारतीय मानक तयार झालं आणि 2021 मध्ये आयटीयूनं त्याला मान्यता दिली. त्यानंतर देशात वाद झाला. मोबाईल कंपन्या आणि उपकरणं बनवणारे म्हणाले, वेगळं भारतीय मानक ठेवलं तर फोन महाग होतील, जगाशी जुळणार नाहीत. शेवटी त्यातला गाभा 3जीपीपी या जागतिक संघटनेच्या मानकाच्या 17 व्या आवृत्तीत घेतला गेला आणि वेगळं मानक मागे पडलं. काहींना त्यात हार वाटली. मला तसं वाटत नाही. वेगळ्या मानकाचा खास फोन परभणीच्या बाजारात कुणी आणला नसता. जगभरच्या मानकात ती गोष्ट गेली तर ती स्वस्त फोनमध्ये यायची वाट तरी उघडी राहते. अट एवढीच की कंपन्यांनी ती सोय आपल्या जाळ्यात चालू करायला हवी.

पण एक बोच उरलीच आहे आणि ती मी लपवणार नाही. 5जीच्या कसोटीत दोन प्रकारची मापं असतात. एक सरासरीचं, दुसरं कडेच्या माणसाचं, म्हणजे ज्यांना सर्वांत कमी मिळतं त्या शेवटच्या पाच टक्क्यांपाशी काय पोहोचतं त्याचं. सहा किलोमीटरच्या त्या ग्रामीण कसोटीला सरासरीचं माप लागू झालं. कडेच्या माणसाचं माप तिच्यातून वगळलं गेलं. मोठ्या क्षेत्राच्या टोकाला अभियांत्रिकी अवघड होते हे खरं. पण धुऱ्यावर फोन उंच धरून उभा असलेला माणूस त्या पाच टक्क्यांतलाच आहे.

आपल्या देशी नियमांतही हाच कल दिसतो. दूरसंचार विभागानं जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. पूर्वी किमान वेग 512 किलोबिट होता, तो 2 मेगाबिट केला. चांगलं झालं. पण हा किमान वेग डाउनलोडचा. अपलोड किती असावा, याचा त्या व्याख्येत आकडाच नाही. पीकविम्यात नुकसानीची पूर्वसूचना 72 तासांत देण्याची अट आपल्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं पाठ होती. तिच्यासाठी लागणारं सगळं वर जाणारं होतं. सप्टेंबर 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली ती आठवा. अशा दिवशी वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, डिझेल पोहोचत नाही, दोन टॉवरना जोडणाऱ्या मायक्रोवेव्हच्या उंच वारंवारितेच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. आणि नेमक्या त्याच दिवशी गावच्या गाव फोटो वर पाठवू पाहतं.

टॉवरच्या मागची वाट हा वेगळाच विषय आहे. त्यावर थोडंच बोलतो. 2011 मध्ये केंद्रानं ग्रामपंचायतींना फायबरनं जोडण्याची योजना मंजूर केली, पुढे तिला भारतनेट नाव मिळालं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित योजनेसाठी 1 लाख 39 हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. आपली काळी माती उन्हाळ्यात खोल भेगाळते, पावसात फुगते. तिच्या पोटातली केबल आणि तिचे जोड दरवर्षी ओढले-ताणले जातात. त्यात रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी. म्हणून फायबर जिथे थांबते तिथून पुढची मजल बिनतारी असावी, या विचारानं आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागानं ‘ग्राममार्ग’ प्रकल्प केला. पालघरच्या आदिवासी भागातल्या गावांत त्यांनी दूरदर्शनच्या रिकाम्या पडलेल्या वारंवारिता, 470 ते 590 मेगाहर्ट्झ, प्रयोगासाठी वापरून पाहिल्या. त्याच गटाच्या अभ्यासात असं दिसलं की देशात जवळजवळ सर्वत्र या पट्ट्यातल्या 15 पैकी किमान 12 वाहिन्या मोकळ्या आहेत, कारण आपल्याकडे जमिनीवरून प्रक्षेपण करणारं दूरदर्शनच. पुढे पंचवीस गावं जोडली. गावातल्या तरुणांनी देखभाल करायची, पंचायतीनं वाटा उचलायचा, अशी रचना केली. 2017 मध्ये मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हा प्रकल्प पहिला आला. या धाग्यातूनच स्वस्त, कमी ऊर्जेच्या ग्रामीण जाळ्याची रचना सांगणारं, आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं 2061 क्रमांकाचं मानक घडलं. पालघरच्या डोंगरात जे मोजलं ते जगाच्या कागदावर गेलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

मग परभणीनं काय करावं? मी मोजण्याबद्दल बोलतो, कारण या शास्त्रात ज्याचं माप घेतलं गेलं त्याच्यासाठीच यंत्र घडतं. 1968 मध्ये ओकुमुरा यांनी टोकियो आणि परिसरात गाडीतून हिंडून लहरींची मापं घेतली, 1980 मध्ये हाता यांनी त्यांची सूत्रं केली, आणि ती सूत्रं पुढे साऱ्या जगात टॉवर लावायला वापरली गेली. टोकियोत ना सोयाबीन, ना तूर, ना आपली भेगाळलेली काळी. आजही दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, चाचण्यांमध्ये मोजणीची गाडी रस्त्यानं जाते. 2024 च्या नव्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात, हे चांगलं पाऊल. पण नकाशावरचा रंग पुन्हा खाली येणाऱ्या संदेशाचाच.

आपल्याकडे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, 1972 पासूनचं. तिथे रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांनी शेती करण्यावर जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प झाला. शेतातला ड्रोन जी चित्रं घेतो ती वर पाठवायचा प्रश्न तिथल्या अभ्यासकांनाही पडत असणार. तासाभराच्या अंतरावर नांदेडला श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. पीक ओळखणारा आणि लहर ओळखणारा, असे दोन विद्यार्थी एका जोडीत बांधून शिवारात पाठवता येतील.

साधन फार लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये दिसतो. उणे 95 आणि उणे 110 यांत शक्तीचा तीस पटींचा फरक आहे, आणि काड्या मात्र एखाद-दुसरीनंच कमी होतात. शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातला फोन छातीच्या उंचीवर धरायचा, हा आकडा लिहायचा, आणि एक मेगाबाइटची फाइल वर जायला किती सेकंद लागले ते लिहायचं. सोबत वेळ, पीक, पिकाची उंची, पानं ओली की कोरडी. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत ठरलेल्या जागी हे वर्षातून तीनदा करायचं: पेरणीआधी रान मोकळं असताना, सप्टेंबरच्या पावसात, आणि तूर व ऊस उभे असताना डिसेंबरात. जागा गावात आणि रस्त्यावर न घेता गटाच्या मध्यावर आणि तांड्यांवर घ्यायच्या. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी झाल्या तर मराठवाड्याच्या काळ्या रानासाठी लहरींच्या क्षीणतेचं स्वतःचं सूत्र मांडता येईल, आणि टीएसडीएसआयच्या पुढच्या पिढीच्या चर्चेत, म्हणजे 6जीच्या, ते ठेवता येईल.

दुसरं काम नागरिकांचं. ट्राय आपले विचारार्थ मसुदे जाहीर करते आणि कुणीही त्यावर लेखी म्हणणं पाठवू शकतो. ब्रॉडबँडच्या व्याख्येत अपलोडचा किमान वेग घाला, आणि ग्रामीण कसोटीत कडेच्या माणसाचं माप परत आणण्यासाठी भारतानं आयटीयूत आग्रह धरावा, या दोन मागण्या परभणीतून जायला हव्यात. पहिल्या हंगामाच्या नोंदी हाती आल्या की त्या निवेदनाला जोडता येतील. येत्या जूनमध्ये पेरणीआधीच्या मोजणीसाठी ज्यांना यायचं आहे त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावं. पहिल्या फेरीसाठी जिंतूर आणि पालम हे दोन तालुके घ्यावेत अशी माझी सूचना आहे.